गोठ्यातली वही आणि बावीस अक्षरांचा आरएनए

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते शेतीच्या बऱ्याच योजनांचं लोकार्पण झालं. त्याच दिवशी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, शेतकऱ्यांच्या खात्यांवर हप्ते जमा झाले, आणि बातम्यांत तेच गाजलं. त्या कार्यक्रमात आणखी एक गोष्ट देशापुढे आली होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. जनावरांचा डीएनए तपासणाऱ्या चिप: देशी गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’.

दोनच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, स्टॉकहोममधून वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन या दोघांना, मायक्रोआरएनएच्या शोधासाठी. वर्तमानपत्रांनी ती बातमी कर्करोग आणि हृदयविकाराच्या अंगाने छापली. गाय-म्हैस-मेंढीचा त्यात उल्लेख असण्याचं कारणही नव्हतं.

मला मात्र तेव्हापासून वाटत आलंय की या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला हव्यात. चिप जनावराच्या डीएनएतली अक्षरं वाचते. नोबेल ज्याला मिळालं ते संशोधन सांगतं की अक्षरं तीच असली तरी त्यांचा निरोप पेशीत पोचेलच असं नाही, कारण वाटेत त्याला अडवणारं कुणीतरी बसलेलं असतं. पशुपैदाशीवर सरकारचा, म्हणजे आपला सगळ्यांचा, पैसा खर्च होणार असेल तर हा फरक समजून घेऊनच तो खर्च व्हायला हवा.

आधी चिपचं काम सोप्या शब्दांत. वासराच्या कानाचा बारीक तुकडा, शेपटीचे मुळासकट उपटलेले केस किंवा थोडं रक्त घ्यायचं आणि त्याच्या डीएनएत हजारो ठरावीक जागी कोणतं अक्षर आहे ते पाहायचं. त्यावरून हा वळू पुढे दुधाळ कालवडी देईल की नाही याचा अंदाज बांधायचा. पूर्वी हेच कळायला वळूच्या मुली जन्मून, मोठ्या होऊन, विऊन दूध देईपर्यंत पाच-सहा वर्षं थांबावं लागे. अमेरिकेत होल्स्टीन गाईंसाठी ही पद्धत २००९ च्या जानेवारीत अधिकृतपणे सुरू झाली आणि वळू निवडण्याचा वेग तिथे खरोखरच बदलला.

आता लहान आरएनए. डीएनए हे पेशीचं मूळ दप्तर आहे असं धरा. दप्तर जागचं हलत नाही. त्यातल्या एखाद्या जनुकाची आरएनए नावाची नक्कल निघते, ती निरोप घेऊन बाहेर पडते आणि त्या निरोपाबरहुकूम प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए हा आरएनएचाच साधारण बावीस अक्षरांचा लहान तुकडा. तो स्वतः कोणतंही प्रथिन बनवत नाही. एखाद्या निरोपाच्या शेपटाकडची सहा-सात-आठ अक्षरं त्याच्या अक्षरांशी जुळली, की तो तिथे जाऊन बसतो. मग तो निरोप एकतर वाचला जात नाही, नाहीतर लवकर मोडीत निघतो. अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकन यांना हे १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत दिसलं. पुढची सात वर्षं जगाला वाटत राहिलं की ही त्या कृमीचीच काहीतरी खोड असावी. २००० साली रव्हकन यांच्या प्रयोगशाळेला दुसरा तसाच तुकडा सापडला आणि तो कृमीपासून माणसापर्यंत सगळ्यांत निघाला, तेव्हा कुठे लोक खडबडून जागे झाले. आज एकट्या गाईत असे हजारावर तुकडे नोंदले गेले आहेत. कुठे कास वाढताना, कुठे गर्भ रुजताना, कुठे उन्हाने अंग तापल्यावर ते आपापलं काम करत असतात.

पैदाशीशी याचा थेट संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो एका मेंढीत. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

नेदरलँड्सच्या उत्तरेला टेक्सेल नावाचं बेट आहे. तिथली मेंढी मांसासाठी प्रसिद्ध. रुंद पाठ, भरलेल्या मांड्या, चरबी कमी. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठात मिशेल जॉर्ज यांचा गट या मेंढीच्या मागे लागला. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं एक जनुक आहे, त्याचं नाव मायोस्टॅटिन. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांचे पहिलवानासारखे दंड-मांड्या आपण फोटोत पाहतो, ते या जनुकातली अकरा अक्षरं गळाल्यामुळे. १९९७ मध्ये ते दाखवणाऱ्यांत हाच गट होता. तेव्हा टेक्सेलमध्येही तसंच काही मोडलेलं सापडेल, असा त्यांचा अंदाज असणं स्वाभाविक होतं.

त्यांनी टेक्सेलचा संकर रोमानोव्ह या रशियन मेंढीशी केला. रोमानोव्ह अंगाने साधी, पण पिल्लं भरपूर देणारी. पहिल्या पिढीतल्या नर-मादींचा आपसांत संकर करून नातवंडं काढली, आणि प्रत्येक नातवंडाची मोजमापं घेतली. मांस किती, चरबी किती, स्नायूची जाडी किती. ही मोजमापं आणि डीएनएच्या खुणा शेजारी मांडल्यावर बोट पडलं ते दोन क्रमांकाच्या गुणसूत्रावर, नेमकं मायोस्टॅटिन जिथे आहे तिथेच. जनुक उलगडून पाहिलं तर प्रथिन बनवणारा भाग धडधाकट. एक अक्षरही इकडचं तिकडे नाही.

इथे कुणीही म्हणालं असतं की आपली जागा चुकली. पण मोजमापं खोटं बोलत नव्हती. ते निरोपाच्या शेपटापर्यंत गेले, जिथून प्रथिनाचा एक कणही बनत नाही, आणि तिथे त्यांना एक बदल सापडला. ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘ए’. एवढ्या एका अक्षराने त्या शेपटावर दोन मायक्रोआरएनएंना बसायला जागा तयार झाली होती, एमआयआर-१ आणि एमआयआर-२०६. हे दोन्ही स्नायूंमध्ये मुबलक असतात. एरवी मायोस्टॅटिनशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. जागा मिळताच ते येऊन बसले, लगाम सैल झाला आणि मेंढी भरली. २००६ मध्ये हे ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये छापून आलं.

या शोधाकडे लोक प्रयोगशाळेचं कौतुक म्हणून पाहतात. ते कौतुक योग्यच आहे. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती नातवंडांच्या मोजमापांची वही. ती वही नसती तर दुसऱ्या गुणसूत्रावर बोट पडलंच नसतं. पडलं असतं तरी ‘जनुक तर चांगलं आहे’ म्हणून पान उलटलं गेलं असतं. त्या शेपटापर्यंत त्यांना नेलं ते आकड्यांनी.

दुसरी मेंढी अमेरिकेतली. १९८३ मध्ये ओक्लाहोमात एक मेंढा जन्मला, मालकाने त्याचं नाव ठेवलं ‘सॉलिड गोल्ड’. त्याच्या पिल्लांचा मागचा भाग विलक्षण मांसल निघे. पुढे कळलं की हा गुण बापाकडून आला तरच दिसतो, आईकडून आला तर दिसत नाही, आणि दोघांकडून आला तरीही दिसत नाही! शाळेत शिकलेल्या मेंडेलच्या वाटाण्यांत हे कुठेच बसत नाही. त्या जागी आईकडून आलेल्या गुणसूत्रावरून लहान आरएनए तयार होतात आणि बापाकडून आलेल्या एका जनुकाचा निरोप तोडतात, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. तेव्हा अक्षर कोणतं एवढंच विचारून भागत नाही, ते कुणाकडून आलं हेही विचारावं लागतं. आणि ज्यांनी नुसतं वजन पाहून हा मेंढा डोक्यावर घेतला त्यांना आणखी एक धक्का बसला. मांस चिवट निघालं. खाणाऱ्यांनी ते नाकारलं. वजनकाट्यावर मांसाचा चिवटपणा कळत नाही, तो वेगळा मोजावा लागतो.

लहान आरएनए मुद्दाम बनवून गाईत घालण्याचा प्रयोगही झाला आहे. न्यूझीलंडमध्ये २०१२ साली. दुधातल्या ज्या एका प्रथिनाची काही लहान मुलांना अ‍ॅलर्जी होते, त्याचा निरोप दाबणारे मायक्रोआरएनए एका कालवडीत घातले. तिचं नाव डेझी. तिच्या दुधात ते प्रथिन सापडलं नाही. मात्र डेझी जन्मली ती शेपटीशिवाय. संशोधकांनी त्याचा दोष तिला ज्या क्लोनिंगने जन्माला घातलं त्या पद्धतीला दिला, आणि तो तर्क मला पटतो. तरीही गोठ्यात उभं राहून विचार केला तर माशा हाकलायला शेपटी नसलेल्या गाईचं काय, हा प्रश्न उरतोच. या वाटेने आपल्याला निदान आज जायची गरज नाही, एवढं म्हणून हा विषय मी इथेच सोडतो.

कारण आपल्याकडे दाखवण्यासारखी एक वेगळी वाट आहे आणि ती फलटणची आहे.

सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी असते. इवलीशी, १०-१५ किलोची, गुडघाभर चिखलात चरणारी. तिला एका वेळी दोन-तीन कोकरं होतात. आपली दख्खनी मेंढी काटक, चार-चार महिने धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या कळपाबरोबर, पायपीट करणारी, पण वेताला बहुधा एकच कोकरू. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गॅरोल आणून दख्खनीशी तिचा संकर सुरू केला. पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवत, अंगलट दख्खनीची ठेवत, जुळ्यांचा गुण तेवढा टिपत नेला. तो गुण एका जनुकातल्या एका अक्षराचा आहे, त्याला फेक-बी म्हणतात, आणि २००१ मध्ये तो ओळखला गेल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्याची डीएनए चाचणी होऊ लागली. या कामातून उभी राहिलेली मेंढी ‘नारी सुवर्णा’ म्हणून ओळखली जाते.

या गुणाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १७९० च्या दशकात बंगालहून जहाजाने ऑस्ट्रेलियाला मेंढ्या गेल्या. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी तिथल्या बुरूला नावाच्या मळ्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की काही मेरिनो मेंढ्यांना फार कोकरं होतात, आणि गुणाला त्या मळ्याचं नाव मिळालं. ज्या सुंदरबनातून तो गेला तिथल्या माणसांना दोन-तीन कोकरांचं नवल नव्हतंच. पण ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

फलटणचं मला सगळ्यात भावतं ते हे की चाचणीवर काम थांबलं नाही. जुळी होणं म्हणजे जुळी जगणं नव्हे. दोन कोकरांना पुरेल इतकं दूध मेंढीला आहे का, वाड्याबरोबर चालताना दुबळं कोकरू मागे पडतं का, उन्हाळ्यात काय होतं, हे धनगरांच्या कळपांत जाऊन वर्षानुवर्षं मोजलं गेलं. त्यातून कळलं की या अक्षराची एक प्रत पुरे. दोन प्रतींच्या मागे धावलं तर कोकरं वाढतात, पण ती इवलीशी निघतात आणि त्यांना जगवणं अवघड होतं. ही अक्कल कोणत्याही चिपवर छापलेली येत नाही.

फेक-बी प्रथिनातच बदल करतो, म्हणून तो लहान आरएनएचा खेळ नव्हे. पण हाच गुण असलेल्या चीनमधल्या हू आणि स्मॉल टेल हान मेंढ्यांच्या अंडाशयात कोणते मायक्रोआरएनए कमी-जास्त होतात यावर तिथे ढीगभर काम झालं आहे. जुळी देणाऱ्या दोन मेंढ्यांपैकी एकीची दोन्ही जगतात आणि दुसरीची का जगत नाहीत, याचं उत्तर कदाचित अशाच कामातून येईल. आपल्याकडे ते काम करायचं म्हटलं तर सुरुवात करण्यासारखे, नोंदी असलेले कळप आहेत. पण महाराष्ट्रात असं म्हणता येईल अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

बाकी ठिकाणी काय आहे ते मी माझ्या घरचंच सांगतो.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. गाय माजावर आली, डॉक्टर येऊन कृत्रिम रेतनाची कांडी सोडून गेले, की आई त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते, ‘तांबडी भरली’. एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली की ‘उलटली’. विण्याची तारीख, वासरू नर की मादी, कधी कधी फॅट कमी लागल्याची तक्रारसुद्धा. एका वर्षाचं कॅलेंडर म्हणजे एका गोठ्याची अख्खी वही. जानेवारीत नवं कॅलेंडर लागतं आणि जुनं रद्दीत जातं, नाहीतर पुतण्याच्या वह्यांना कव्हर घालायच्या कामी येतं. तांबडी कितव्या वेताची, तिची आई किती दूध द्यायची, हे त्यानंतर फक्त आईच्या डोक्यात असतं.

आणि कांडी? पेनच्या रिफिलसारखी बारीक नळी, आत वळूचं गोठवलेलं वीर्य. तिच्यावर वळूचा नंबर छापलेला असतो, जात असते, कोणत्या केंद्रात कधी भरली ते असतं. काम झालं की ती गोठ्याच्या दारात शेणात पडते. आमची एक गाय मागे लागोपाठ चार वेळा उलटली. पाचव्यांदा डॉक्टरांनी विचारलं, आधीच्या कांड्या कोणत्या वळूच्या होत्या? कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी सोडल्या त्यांनाही नाही. दोष गाईचा, वळूचा, वेळेचा की कांडी नायट्रोजनच्या टाकीतून काढून वितळवताना झालेल्या हयगयीचा, हे शोधायचा धागाच हातात उरला नव्हता. शेवटी गाईला बाजार दाखवावा लागला.

याच प्रश्नावर मायक्रोआरएनएचा सगळ्यात मोठा उपयोग होऊ शकतो, असं मला वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू चांगले पोहताना दिसतात आणि तरीही काही वळूंच्या कांड्यांनी गाई कमी फळतात. शुक्रजंतू नुसता डीएनए घेऊन जात नाहीत, सोबत लहान आरएनएही नेतात, आणि त्यांच्यावरून वळूची फळवण्याची ताकद आधीच ओळखता येईल का, यावर जगभर आणि आपल्याकडेही काम चालू आहे. उद्या अशी चाचणी आली तर लाखो गाईंचा एकेक माज वाचेल. एक माज हुकला म्हणजे एकवीस दिवसांची वैरण आणि दुधाचा खाडा, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला सांगावं लागत नाही. पण ती चाचणी खरी की खोटी हे ठरणार कशावर? अमक्या वळूच्या इतक्या कांड्या सोडल्या, त्यांतल्या इतक्या गाई गाभण राहिल्या, या हिशेबावर. म्हणजे आई कॅलेंडरवर जे लिहिते आणि डॉक्टर शेणात जे टाकतात, ते दोन्ही एकत्र ठेवल्यावर.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पशुपैदाशीच्या नव्या विज्ञानावर जेवढा पैसा लागणार आहे, त्याचा पहिला आणि मोठा वाटा नोंदींवर खर्च व्हावा. गाईच्या कानात पिवळा बिल्ला आता बहुतेक गावांत दिसतो, त्यावर बारा आकडी नंबर असतो, आणि मोबाइलवर त्या नंबराने जनावराची माहिती भरायची सोयही झाली आहे. चौकट तयार आहे. ती भरायला माणूस नाही. लसीकरणाच्या मोहिमेत घाईघाईने बिल्ले मारले जातात, पुढे वेताची, दुधाची, उलटण्याची नोंद कुणी करत नाही, कारण ती करण्याचा मोबदला कुणालाच नाही. महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळचं दूध मोजायला येणारा गावातलाच एखादा मुलगा किंवा बचत गटातली बाई, तिला त्याचे नियमित पैसे, आणि कांडी सोडणाऱ्याला वळूचा नंबर टिपल्याशिवाय त्याचे पैसे न मिळणं. एवढ्याने सुरुवात होते. डेन्मार्कमध्ये वेयेन या गावी शेतकऱ्यांनी १८९५ मध्ये एकत्र येऊन माणूस नेमला, तो गोठोगोठी जाऊन दूध मोजायचा. अमेरिकेने २००९ मध्ये चिप वापरली तेव्हा तिच्यामागेही अशाच कामाची शंभर वर्षं होती, संतती चाचणी झालेले, म्हणजे मुलींच्या दुधावरून पारखलेले, हजारो वळू होते. चिपने ती शंभर वर्षं वाचवली नाहीत. ती शंभर वर्षं खर्चूनच चिप चालली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. आपल्याकडे दावणीला दोन-तीन जनावरं. एकाच गोठ्यातल्या पन्नास गाईंची तुलना करता येते, दोन गाईंची काय करणार? एकीला ओला चारा, दुसरीला कडबा, फरक जनुकाचा की वैरणीचा? खरं आहे. पण नेमकं इथेच चिपचं मोल आहे. लहान लहान गोठ्यांतल्या जनावरांचं आपसांतलं नातं चिप दाखवते, वंशावळ लिहिलेली नसली तरी. मग सांगोल्यातली खिलार आणि आटपाडीतली खिलार मावसबहिणी आहेत हे कळतं आणि त्यांच्या नोंदी एका हिशेबात बसतात. मी चिपच्या विरोधात नाही, तिला नोंदींची जोड मागतो आहे. राष्ट्रीय डेअरी योजनेत पंढरपुरी म्हशीसाठी वंशावळ पाहून निवडीचा कार्यक्रम होता. त्याच धर्तीचं काम देवणी, लाल कंधारी, डांगी या गाई, पूर्णाथडी म्हैस, उस्मानाबादी शेळी यांच्यासाठी नेटाने आणि न थांबता व्हायला हवं. न थांबता हे महत्त्वाचं, कारण पैदाशीत पाच वर्षांची योजना म्हणजे जेमतेम एक पिढी.

दुसरा आक्षेप संशोधकांकडून येतो. नोंदी जमेपर्यंत प्रयोगशाळेने हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. कर्नाल, हैदराबाद, नागपूर इथल्या संस्थांत मायक्रोआरएनएवर काम व्हावं आणि त्याला भरपूर पैसा मिळावा. पण सध्या या विषयातल्या बऱ्याचशा निबंधांचा साचा ठरलेला आहे. चार-सहा जनावरं इकडची, चार-सहा तिकडची, आणि अमुक इतके मायक्रोआरएनए वर गेले, तमुक खाली आले, अशी यादी. दुसऱ्या गटाची यादी जुळत नाही. आरएनए अतिशय नाजूक. रक्ताच्या नळीत तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतला एमआयआर-४५१ बाहेर सांडतो आणि सगळा हिशेब बिघडतो. नमुना कुठल्या वेळी घेतला, गाय कितव्या वेताची, गाभण किती महिन्यांची, त्या दिवशी ऊन किती होतं, हे लिहिलेलं नसेल तर महागडं यंत्र आकडे देईल आणि त्या आकड्यांना अर्थ नसेल. वही गोठ्यात हवी तशी ती नमुन्याच्या डब्यावरही हवी.

ऊन म्हटलं म्हणून सांगतो. फ्लोरिडा विद्यापीठाने भाकड काळातल्या गाभण गाईंचे दोन गट केले. एका गटाला सावलीसोबत पंखे आणि पाण्याचे फवारे दिले, दुसऱ्याला नुसती सावली. उन्हाचा त्रास आईला झाला. पण जन्मलेल्या कालवडी मोठ्या होऊन दुधावर आल्या तेव्हा तापलेल्या आयांच्या मुलींनी दिवसाला दोन किलोहून जास्त दूध कमी दिलं. या कालवडींच्या डीएनएतली अक्षरं उन्हाने बदललेली नव्हती. बदललं होतं ते अक्षरांचं वाचन. आता विदर्भातला मे महिना डोळ्यांपुढे आणा. पत्र्याच्या शेडखाली उभी, सातव्या-आठव्या महिन्याची गाभण गाय. तिच्या पोटातल्या कालवडीची चिप उत्तम गुण दाखवेल आणि तरी ती कालवड दुधाला कमी पडेल. मग दोष कुणाला देणार? वळूला? चिपला? कालवडीला? शेडवर उसाचं पाचट टाकणं आणि दुपारी गाईवर पाणी मारणं हेही पैदाशीचंच काम आहे, हे लहान आरएनएच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या विज्ञानाने आपल्याला सांगितलं आहे. त्याला नवी प्रयोगशाळा लागत नाही.

आणखी एक गोष्ट वेळ आहे तोवर ठरवून घ्यायला हवी. नोबेलनंतर मायक्रोआरएनए हा शब्द विकाऊ झाला आहे. मायक्रोआरएनएने तपासलेला वळू, मायक्रोआरएनएने निवडलेली कांडी, अशा जाहिराती गावात यायला फार दिवस लागणार नाहीत. कालवडच व्हावी म्हणून बनवलेल्या लिंगनिर्धारित कांडीला साध्या कांडीपेक्षा जास्त पैसे मोजायची सवय शेतकऱ्याला लागलीच आहे, आणि तिथे निदान कालवड झाली की खोंड हे नऊ महिन्यांनी डोळ्यांनी दिसतं. मायक्रोआरएनएचा दावा डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून आपल्या हवेत, आपल्या वैरणीवर, आपल्या जनावरांत पडताळलेले आकडे उघड केल्याशिवाय असा दावा कांडीच्या किमतीत मिळवता येऊ नये, असा नियम आत्ताच व्हावा. आणि ज्या गोठ्यातून कानाचा तुकडा किंवा रक्ताची नळी गेली, त्या गोठ्यात निकाल मराठीत परत आला पाहिजे. आजवर नमुने गेले ते गेलेच. धनगराने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या मेंढीतून एखादा मोलाचा बदल सापडला, तर त्याच्या नावावर काय राहणार हेही नमुना घेण्याआधी कागदावर असलं पाहिजे. बुरूला या नावाची गोष्ट पुन्हा व्हायला नको.

आमच्या गोठ्यात गेल्या वर्षापासून एक बदल झाला आहे. कांडी सोडून झाली की डॉक्टरांकडून रिकामी नळी मागून घेतो, पुसतो आणि त्या तारखेच्या चौकटीत चिकटपट्टीने चिकटवतो. कॅलेंडर जानेवारीत रद्दीत जात नाही, खिळ्यावरच नव्याच्या मागे राहतं. काल मागची पानं चाळत होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबडीच्या तीन कांड्या, एकवीस-बावीस दिवसांच्या अंतराने. पहिल्या दोन एकाच वळूच्या, तिसरीचा नंबर वेगळा. जूनच्या पानावर, पावसाने ओल धरलेल्या कोपऱ्यात, आईच्या पेन्सिलीने लिहिलंय, ‘तांबडी गाभण, तीन महिने’.